डब्यातलं औषध तेच, पण द्रव बदलला की विषाचा रस्ता बदलतो

कीटकनाशकाच्या बाटलीवर ‘डायमेथोएट ३० टक्के ईसी’ असं छापलेलं असतं. शेतकऱ्याची नजर ३० वर जाते. उरलेल्या ७० टक्क्यांत काय आहे, हे ना दुकानदार सांगतो, ना कुणी विचारतं. त्यात असतो औषध विरघळवून ठेवणारा द्रव, म्हणजे द्रावक, आणि पाण्यात टाकल्यावर औषध दुधासारखं पसरावं म्हणून घातलेला पदार्थ. बहुतेकांना वाटतं की हा द्रव म्हणजे नुसती गाडी, खरा माल आत बसलेला. गाडी कुठलीही असो, माल तोच राहणार.

तसं होत नाही. एका रसायनापुढं एकाच वेळी दोन-तीन रस्ते उघडे असतात. त्यातला कोणता धरायचा, हे पुष्कळदा ते ज्या द्रवात विरघळलंय तो द्रव ठरवतो. एका द्रवात औषध वर्षभर शांत बसतं, दुसऱ्यात निकामी होतं, आणि तिसऱ्यात माणसाला आधीपेक्षा जास्त विषारी होऊन बसतं. ही तिसरी गोष्ट ऐकायला अतिशयोक्ती वाटते, पण ती घडलेली आहे, आणि तीसुद्धा आपल्याकडं कपाशीपासून कांद्यापर्यंत वापरल्या गेलेल्या औषधाच्या बाबतीत.

डायमेथोएटचं काय झालं होतं

डायमेथोएट हे मावा, तुडतुडे, फुलकिडे यांच्यावरचं जुनं आंतरप्रवाही औषध. १९५० च्या दशकात ते बाजारात आलं तेव्हा त्याचं एक कौतुक होतं. त्याच गटातल्या पॅराथिऑनसारख्या जहाल औषधांच्या मानानं ते माणसाला कमी विषारी होतं. ते विरघळवायला कंपन्या वेगवेगळे द्रव वापरून बघत होत्या. त्यातला एक होता मिथाइल सेलोसॉल्व्ह. रंग, शाई, वॉर्निश यांच्या उद्योगात वापरला जाणारा हा द्रव. औषध त्यात छान विरघळायचं.

जॉन कॅसिडा आणि सँडरसन या दोन शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकात एक छोटा लेख लिहून धोक्याची घंटा वाजवली. मिथाइल सेलोसॉल्व्हमध्ये विरघळवून साठवलेलं डायमेथोएट दिवसेंदिवस जास्त विषारी होत जातं, असं त्यांना उंदरांवरच्या चाचण्यांत दिसलं. ताज्या औषधापेक्षा साठवलेलं औषध कितीतरी कमी मात्रेत उंदीर मारत होतं. उष्णता मिळाली की हे आणखी लवकर घडायचं. डब्यावरचं नाव तेच, टक्केवारी तीच, रंगरूपही तेच.

कारण त्या द्रवाच्या शेपटीला होतं. मिथाइल सेलोसॉल्व्हच्या रेणूच्या एका टोकाला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते, म्हणजे तो अल्कोहोलच्या जातकुळीतला. डायमेथोएटच्या मधोमध फॉस्फरस असतो आणि त्याला गंधक व दोन मिथॉक्सी गट चिकटलेले असतात. साध्या, अल्कोहोल नसलेल्या द्रावकात हे सगळं बऱ्यापैकी जागेवर राहतं. अल्कोहोलच्या जातीचा द्रव मात्र नुसता बघत बसत नाही. तो स्वतःच फॉस्फरसजवळ घुसतो, जुना गट काढून आपण तिथं बसतो, आणि त्या गडबडीत नवनवे पदार्थ तयार होतात. त्यातले काही असे निघाले की ते उरलेल्या चांगल्या डायमेथोएटचंच विष शरीरात जास्त चढवायचे. शरीर एरवी हे औषध फोडून लघवीवाटे बाहेर काढतं, आणि या नव्या पदार्थांनी ती व्यवस्थाच अडवली. या दोघांनी पुढं दोन वर्षांनी याच विषयावर आणखी सविस्तर काम छापलं. डायमेथोएटच्या कुटुंबातली इतरही काही औषधं अल्कोहोलांशी अशीच वागतात, हे त्यात आलं.

आज ईसी प्रकारच्या डायमेथोएटसाठी सहसा सायक्लोहेक्झॅनोन, झायलीन अशी अल्कोहोल नसलेली द्रावकं वापरतात. त्यामुळं दुकानातल्या सीलबंद बाटलीची भीती बाळगायचं कारण नाही. भीती आहे ती सील फुटल्यानंतरच्या आपल्या कारभाराची. अर्धी उरलेली बाटली दुसऱ्याच डब्यात ओतायची, तळाला साचलेलं पातळ करायला स्पिरिट नाहीतर थिनर घालायचं, दारूची रिकामी बाटली ‘धुऊन’ तिच्यात औषध भरायचं. हे प्रकार गावोगाव चालतात. दारूच्या बाटलीत औषध भरण्याचा पहिला धोका अर्थातच कुणीतरी ते पिऊन टाकण्याचा आहे, आणि तो रसायनशास्त्रापेक्षा कितीतरी मोठा. पण बाहेरचा द्रव मिसळल्यावर आत काय शिजतं, ते डोळ्यांना आणि नाकाला कळत नाही, हेही तितकंच खरं.

बारावीच्या पुस्तकातलं कोडं

गावात कुणी बारावी सायन्सला असेल तर त्याला विचारून बघा. ‘हॅलोजन डेरिव्हेटिव्हज’ या धड्यात एक जोडप्रश्न असतो. एकच हॅलोजनयुक्त पदार्थ घ्यायचा. तो कॉस्टिक पोटॅश पाण्यात विरघळवून त्याच्याबरोबर तापवला तर अल्कोहोल मिळतं. तोच पदार्थ, तोच कॉस्टिक पोटॅश, पण पाण्याऐवजी अल्कोहोलमध्ये विरघळवला तर अल्कीन मिळतं. मुलं हे ‘पाणी म्हणजे अल्कोहोल, अल्कोहोल म्हणजे अल्कीन’ असं उलटसुलट घोकतात, परीक्षेत नेमकं उलटं लिहितात, आणि एक-दोन गुण घालवतात. कारण समजलं तर घोकायची गरजच पडत नाही.

कॉस्टिक पोटॅशमधला काम करणारा कण म्हणजे हायड्रॉक्साइड. त्याच्यापुढं दोन कामं असतात. एक, हॅलोजन बसलाय त्या कार्बनवर थेट जाऊन हॅलोजनला हाकलायचं आणि स्वतः तिथं बसायचं. यातून अल्कोहोल तयार होतं. दुसरं, शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन ओढून घ्यायचा. हायड्रोजन गेला की हॅलोजनही सुटून जातो आणि दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध तयार होतो. ते झालं अल्कीन.

पाण्यात हायड्रॉक्साइडची अवस्था वऱ्हाडाच्या गराड्यात सापडलेल्या नवरदेवासारखी होते. पाण्याचे रेणू आपापल्या हायड्रोजनच्या बाजूनं त्याला घट्ट धरून ठेवतात. त्याची हायड्रोजन ओढायची ताकद त्यात बरीच खर्ची पडते. त्यामुळं तो शेजारचा हायड्रोजन हिसकावण्यापेक्षा हॅलोजनची जागा घेण्याकडं जास्त वळतो. अल्कोहोलमध्ये दोन गोष्टी बदलतात. हायड्रॉक्साइड आणि अल्कोहोल यांच्या देवाणघेवाणीतून अल्कॉक्साइड नावाचा थोडा अंगानं मोठा कण तयार होतो. आणि अल्कोहोलची पकड पाण्याइतकी घट्ट नसते. हा मोकळा, जास्त जोराचा, पण जाडजूड कण हॅलोजनच्या कार्बनपर्यंत शिरण्यापेक्षा बाहेरच्या बाजूला असलेला हायड्रोजन ओढणं पसंत करतो. भर म्हणून उष्णता दिली की हा दुसरा रस्ता आणखी रुंद होतो.

एक गोष्ट मात्र पुस्तक फारशी सांगत नाही. यात एक रस्ता पूर्ण बंद होऊन दुसराच चालू होतो, असं सहसा होत नाही. दोन्ही रस्त्यांवर वाहतूक चालू असते, फक्त कुठं जास्त आणि कुठं कमी. कार्बनची रचनाही बघावी लागते. हॅलोजन अगदी टोकाच्या कार्बनवर असेल तर अल्कोहोलमध्येही पहिला रस्ता बऱ्यापैकी चालतो. हॅलोजनच्या कार्बनला तीन बाजूंनी कार्बन चिकटलेले असतील, तर पाण्यातही अल्कीन थोडंफार निघतंच. नीटच्या प्रश्नांत नेमकी हीच खोच असते.

द्रवाचा हा प्रताप मोजून दाखवणारा पहिला मोठा माणूस रशियाचा निकोलाय मेन्शुत्किन. त्यानं १८९० मध्ये एकच अभिक्रिया २३ वेगवेगळ्या द्रवांत करून बघितली. हेक्झेनमध्ये ती जेवढ्या वेगानं झाली, त्याच्या सातशे पटींहून जास्त वेगानं ती बेंझाइल अल्कोहोलमध्ये झाली. पुढं १९३० च्या दशकात लंडनमध्ये ख्रिस्तोफर इन्गोल्ड आणि एडवर्ड ह्यूज यांनी यामागचा हिशेब मांडला. अभिक्रियेच्या ऐन मधल्या क्षणी रेणूवर विद्युतभार वाढत असेल, तर पाण्यासारखा ध्रुवीय द्रव त्याला आधार देतो आणि वेग वाढतो. भार वाढण्याऐवजी पसरत असेल, तर असा द्रव उलट ओढून धरतो. याचं ठळक उदाहरण म्हणजे टर्शरी ब्युटाइल क्लोराइड. या पदार्थाचे तुकडे होताना आधी भार असलेले दोन कण सुटे होतात. मिथेनॉलमध्ये हे ज्या वेगानं होतं, त्याच्या सुमारे ४० हजार पट वेगानं पाण्यात होतं. रसायन तेच आणि तापमानही तेच.

मलेरियाचे फवारणी कामगार आणि १९७६ चा उन्हाळा

आता पुन्हा औषधांकडं. पाकिस्तानात १९७६ मध्ये मलेरियाविरोधी मोहीम जोरात होती. डीडीटीला डास दाद देईनासे झाले होते, म्हणून घराघरांत मॅलेथिऑन फवारायचं ठरलं. मॅलेथिऑन हे माणसाला तुलनेनं सौम्य समजलं जाणारं औषध. मोहिमेत साडेसात हजारांच्या आसपास कामगार होते. त्यांतल्या सुमारे २,८०० जणांना विषबाधा झाली आणि किमान ५ जण दगावले.

तपासात दोन कारणं पुढं आली. कामगार उघड्या हातांनी औषध कालवत होते, ओले कपडे अंगावर तसेच वाळवत होते. हे पहिलं. दुसरं कारण पोत्यातच होतं. पाण्यात कालवायच्या त्या भुकटीत साठवणुकीदरम्यान आयसोमॅलेथिऑन नावाचा पदार्थ तयार झाला होता. मॅलेथिऑनमधला गंधक फॉस्फरसला दुहेरी बंधानं चिकटलेला असतो. रेणूच्या आतच जागांची अदलाबदल होते, एक मिथाइल गट ऑक्सिजनवरून उडी मारून गंधकावर जातो, आणि नवा पदार्थ तयार होतो. अणू तेच, संख्याही तीच, बसण्याच्या जागा तेवढ्या बदललेल्या.

माणसाच्या यकृतात मॅलेथिऑन फोडून निरुपद्रवी करणारं एक एन्झाइम असतं. मॅलेथिऑन आपल्याला सौम्य वाटतं ते या एन्झाइमच्या जोरावर. किड्यांत ते फार कमी असतं, म्हणून किडे मरतात. आयसोमॅलेथिऑन हे एन्झाइमच बंद पाडतं. मग तेच सौम्य औषध माणसावरही किड्यासारखंच चालतं. इथं माध्यम द्रव नव्हतं. भुकटीतली माती आणि इतर घटक हेच माध्यम होतं. त्यांनी आणि उन्हाळ्यानं मिळून हा रस्ता रुंद केला. या घटनेनंतर जागतिक आरोग्य संघटनेनं मॅलेथिऑनच्या मानकांत आयसोमॅलेथिऑनला मर्यादा घातली.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते इथं अनेकांना आठवेल. त्या प्रकरणात डोक्याएवढी वाढलेली कपाशी, एकात एक मिसळलेली औषधं, संरक्षक कपड्यांचा अभाव ही कारणं चर्चेत आली. साठवणुकीतली रसायनं हे तिथलं कारण म्हणून पुढं आलेलं नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण पत्र्याच्या खोलीत मे महिनाभर तापलेला जुना डबा घेऊन जुलैत फवारणीला जाणाऱ्यानं १९७६ ची ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सर्वसाधारण हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की अशा अभिक्रियांचा वेग दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. विदर्भ-मराठवाड्यात पत्र्याखाली दुपारी किती तापतं, ते सांगायला नको.

ड्रममधलं पाणीही द्रावकच

फवारणीच्या वेळी द्रावक दुसऱ्यांदा बदलतो. आता तो असतो आपल्या विहिरीचा नाहीतर बोअरचा, दोनशे लिटरच्या ड्रममधला. आपल्याकडं पुष्कळ ठिकाणी बोअरचं पाणी अल्कधर्मी असतं. म्हणजे पीएच ७ च्या वर, कुठं ८, कुठं त्याच्याही पुढं. पीएच एकानं वाढला की पाण्यातल्या हायड्रॉक्साइडचं प्रमाण दहा पट होतं. बारावीच्या पुस्तकातला तोच हायड्रॉक्साइड इथं औषधावर तुटून पडतो.

मॅलेथिऑनचे आकडे बघण्यासारखे आहेत. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात, २५ अंशांच्या आसपास, पीएच ५ असताना अर्धं मॅलेथिऑन संपायला १०७ दिवस लागतात. पीएच ७ ला सुमारे ६ दिवस. पीएच ९ ला जवळपास १२ तास. सकाळी कालवलेलं औषध लगेच तासाभरात फवारून संपवलं, तर पीएच ९ च्या पाण्यातही पाच-सहा टक्क्यांपेक्षा जास्त नुकसान होत नाही. पण पाऊस आला म्हणून ड्रम झाकून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मारला, तर अर्ध्याहून जास्त औषध रात्रीतच गेलेलं असतं. पिकावर फवारा बसतो, मजुरी जाते, कीड मात्र तशीच. मग दोष औषधाला किंवा दुकानदाराला. कधी तो बरोबर असतोही, नाही असं नाही.

द्राक्षबागायतदारांच्या ओळखीचं कॅप्टन हे बुरशीनाशक तर याहून नाजूक. साध्या पाण्यात ते काही तास टिकतं, पीएच ९ च्या पाण्यात काही मिनिटांतच निम्मं होतं. बोर्डो मिश्रणात चुना असतो, म्हणून त्यात इतर औषधं मिसळू नयेत असं बागायतदार एकमेकांना सांगतात. त्यामागचं कारण हेच. चुना दिलेल्या भिंतीवर फवारलेलं मॅलेथिऑन लवकर निकामी होतं, तेही याच कारणानं.

अल्कधर्मी पाण्यात मॅलेथिऑनपुढं पुन्हा दोन रस्ते असतात, आणि ते बारावीच्या कोड्याचीच आठवण करून देतात. एका रस्त्यानं रेणूच्या कडेचा एस्टर गट फुटतो आणि आम्ल तयार होतं. दुसऱ्या रस्त्यानं हायड्रॉक्साइड कार्बनवरचा हायड्रोजन ओढतो, गंधक-फॉस्फरसचा तुकडा सुटून जातो आणि दुहेरी बंधाचा डायएथिल फ्युमरेट उरतो. अमेरिकेत १९७७ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं की थंड पाण्यात पहिला रस्ता पुढं असतो, आणि पाणी तापत जाईल तसा दुसरा जोर धरतो. कॉस्टिक पोटॅश तापवल्यावर अल्कीन वाढतं, तोच नियम उन्हात ठेवलेल्या ड्रममध्येही.

कपड्याची पावडर टाकताय?

औषध पानावर पसरावं म्हणून ड्रममध्ये मूठभर कपडे धुण्याची पावडर टाकायची सवय बऱ्याच गावांत आहे. स्टिकरचे पैसे वाचतात, फेसही दिसतो. पण या पावडरीत धुण्याचा सोडा असतो आणि पाण्याचा पीएच त्यानं सहज ९-१० च्या घरात जातो. म्हणजे महागाचं औषध ड्रममध्ये टाकायचं आणि त्याच हातानं ते मारणारा हायड्रॉक्साइडही टाकायचा. कृषी सेवा केंद्रात मिळणारं चिकटद्रव्य महाग वाटलं तरी वाया जाणाऱ्या औषधाच्या मानानं ते स्वस्तच पडतं.

डाळिंबाच्या बहारासाठी पानगळ करायला वापरतात ते इथेफॉन मात्र या सगळ्यात वेगळं आहे. बाजारात ते ३९ टक्के एसएल म्हणून मिळतं. ते मुळातच आम्लधर्मी. पीएच साधारण ४ च्या खाली असेल तोवर ते शांत असतं. त्याच्या वर गेलं की फुटतं आणि इथिलीन वायू सोडतं. पानाच्या आतला रस तेवढा आम्ल नसतो, म्हणून पानात शिरल्यावर ते फुटतं. आपल्याला हवं असतं तेच, कारण हा इथिलीनच पानं गाळतो. पण बायकार्बोनेट जास्त असलेलं बोअरचं पाणी त्याचं आम्ल पचवून टाकतं, आणि वायू पानात सुटायच्या ऐवजी ड्रममध्येच सुटायला लागतो. अभिक्रिया तीच, जागा चुकली की वाया. एकाच बागेत एका टोकाला पानगळ झाली आणि दुसऱ्या टोकाला नाही, तर इतर कारणांबरोबर शेवटचा ड्रम किती वेळ उभा होता, तेही तपासावं.

पाण्याचा पीएच बघायला पीएच पट्टी पुरते. ती शाळा-कॉलेजला लागणाऱ्या रसायनांच्या दुकानात मिळते. नाहीतर माती-पाणी तपासणी प्रयोगशाळेतून पाण्याचा अहवाल घ्यावा. पाणी फारच अल्कधर्मी असेल तर औषध टाकायच्या आधी त्यात सायट्रिक अॅसिड थोडं थोडं विरघळवून, पट्टी बघत पीएच खाली आणतात. किती लागेल ते पाण्यातल्या बायकार्बोनेटवर असतं, म्हणून शेजाऱ्याचा आकडा आपल्या ड्रमला चालेलच असं नाही. आणि आम्ल सगळ्यांनाच मानवतं असंही नाही. बोर्डो किंवा इतर ताम्रयुक्त औषधांच्या पाण्यात आम्ल घातलं तर तांबं जास्त विरघळतं आणि पानं करपतात. गव्हातल्या तणावर मारतात त्या मेटसल्फ्युरॉनसारख्या तणनाशकांचं तर उलटं असतं, ती आम्ल पाण्यातच लवकर फुटतात. लेबलवर काय लिहिलंय ते आधी वाचावं. अक्षर बारीक असतं, मोबाइलनं फोटो काढून मोठं करून वाचता येतं.

औषध लागेल तेवढंच कालवावं आणि त्याच दिवशी, शक्यतो तासा-दोन तासांत संपवावं. ड्रम सावलीत ठेवावा. उरलेलं औषध मूळच्याच बाटलीत, झाकण घट्ट लावून, पत्र्याच्या उष्णतेपासून लांब आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवावं. त्यात स्पिरिट, थिनर, रॉकेल असं काहीही घालू नये. मुदत संपलेलं औषध ‘जरा जास्त मात्रा घेऊ’ म्हणून वापरणं हा सगळ्यात वाईट सौदा. त्यात किडीवरचं औषध कमी झालेलं असू शकतं, आणि माणसावरचं विष वाढलेलंही.

डायमेथोएट, मॅलेथिऑन या गटातली औषधं माणसाच्या नसांमधलं कोलिनेस्टरेज हे एन्झाइम बंद पाडतात. तोंडाला पाणी सुटणं, दरदरून घाम, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, अंधुक दिसणं, उलटी, जुलाब, स्नायू फडफडणं, छाती भरून येणं ही त्याची लक्षणं. असं काही दिसलं तर त्या माणसाला लगेच रानातून बाहेर काढून भिजलेले कपडे उतरवावेत, अंग साबणपाण्यानं धुवावं, आणि १०८ ला फोन करून दवाखान्यात न्यावं. मुद्दाम उलटी काढू नये. डॉक्टर अॅट्रोपिन देतात, पण त्याआधी त्यांना औषधाचं नाव कळावं लागतं. म्हणून बाटली किंवा निदान तिच्या लेबलचा फोटो सोबत न्यावा. औषध जुनं होतं, दुसऱ्या डब्यात ओतलेलं होतं किंवा त्यात दुसरं काही मिसळलं होतं, तर तेही न लाजता डॉक्टरांना सांगावं.